दात्याचा दुसरा डोळा

लाइट काही इतक्यात येत नाही. कॉफीचा तिसरा पेला झालाय, निखारे अजून जिवंत आहेत, तेव्हा बसा. बिसरात, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. ही मावसभावाच्या शेजाऱ्याच्या मेहुण्याला दिसलेल्या भुताची गोष्ट नाही. तिरुवर्कची आहे. ती जुनी चित्रं तपासायची; तिच्या सरकारी कचेरीची जीप मी बरीच वर्षं चालवली आणि ती मला काका म्हणायची, म्हणून मी तिला अहोजाहो करत नाही. त्या पोरीला खोटं बोलता आलं असतं तर आज ती राजधानीत, अदीसला, बंगल्यात राहिली असती. तशी संधी तिला या गोष्टीतल्याच दिवशी चालून आली होती.

सात वर्षांपूर्वीची, तिमकतच्या सणाची आदली रात्र. तिर महिन्याची दहा तारीख, शुक्रवार. गोंदरहून तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्याला डावीकडे एक फाटा फुटतो, तिथल्या टेकडीवर मारियामचं गोल चर्च आहे. त्याचा पत्रा तेव्हा चाळणीसारखा गळायचा. काम अगदी साधं होतं. चर्चमधलं एक जुनं चित्र बघायचं, कधीचं आहे ते ठरवायचं, दाखला लिहायचा आणि परत यायचं.

चित्र कापडावरचं होतं. गळतीनं भिंतीवरून सुटलं, तेव्हा गावकऱ्यांनी लाकडी चौकटीवर ताणून बायकांच्या बाजूला उभं केलं होतं, पुढे पडदा लावून. मधे मारियाम, मांडीवर बाळ. मागे पिवळा रंग हळूहळू लाल होत जातो आणि लाल हिरवा होत जातो. मारियामच्या पायाशी चित्राचा दाता, म्हणजे पैसे देऊन ते काढून घेणारा, पालथा पडलेला. अंगावर फुलाफुलांचं परदेशी रेशीम, दोन्ही हात तिच्याकडे लांब केलेले, तोंड आपल्याकडे. गावातली पोरं त्याला ‘पोहणारा’ म्हणायची. चित्रकाराचं नाव नव्हतं. आपल्याकडे ते कधीच नसतं. दात्याचं तेवढं लिहितात, आणि इथे तेही कुणीतरी खरवडून टाकलं होतं.

आता अडचण कुठे होती ते ऐका. जुनं चित्र देशाबाहेर नेता येत नाही, नवं नेता येतं. गोंदरमधला एक हॉटेलवाला, आतो ग्रमाचेव, त्याला परदेशी गिऱ्हाईक मिळालं होतं. त्यानं गावाला सांगितलं, चित्र तुमचं नवंच आहे, पन्नास-साठ वर्षांचं. ते मला द्या, मी चर्चला अख्खा नवा पत्रा घालून देतो. ज्यांच्या डोक्यावर प्रार्थनेच्या मधेच पाणी टपकतं त्यांना असं बोलणं गोडच लागणार. फक्त कचेरीचा दाखला हवा होता. म्हणून आम्ही गेलो.

तिरुवर्कनं पडदा सारला आणि मारियामच्या चेहऱ्याजवळ वाकली. मग म्हणाली, “आतो ग्रमाचेव, हे मेंतेवाब राणीच्या काळातलं आहे, अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीचं. ही गालांवरची सावली बघा. असा रंगात रंग विरघळवणं त्याआधी कुणाला माहीत नव्हतं आणि नंतर कुणाला जमलं नाही.”

“डोळ्यांनी काय, काहीही दिसतं,” ग्रमाचेव हसला. “मी अदीसहून तपासून आणलंय. रंगात कपड्यांना घालायची नीळ निघाली. राणीसाहेब नीळ घालून कपडे धूत होत्या का?”

“रंगाचा कण घेतला कुठून?”

“दात्याच्या चेहऱ्यातून. सगळे तिथूनच घेतात.”

“का?”

“का म्हणजे? मारियामच्या अंगाला सुरी कोण लावणार? तू लावशील?”

तीही लावणार नव्हती. इथला कुणीच लावणार नाही. मी तर त्या विचारानंही छातीवर क्रूस काढला. तिच्या लक्षात आलं, ते हेच. अख्ख्या चित्राचं वय त्या एका पालथ्या माणसाच्या चेहऱ्यावरून ठरत होतं. तिनं भिंग काढलं. दात्याचा डावा डोळा जुना होता, तड्यांनी भरलेला. उजव्या डोळ्याच्या पांढऱ्यात निळसर झाक होती आणि तिथे एकही तडा नव्हता.

तुम्ही लहानपणापासून चर्चच्या भिंती बघताय. भला माणूस समोरून काढतात, दोन डोळ्यांचा. दुष्ट माणूस, सैतान, येशूला फटके मारणारे, हे सगळे बाजूनं; एकच डोळा. तिरुवर्कला तिथेच कळलं. हा दाता मुळात एका डोळ्याचा होता. पैसे देणाऱ्याला चित्रकारानं सैतानांच्या रांगेत बसवलं होतं, तेही मारियामच्या पायाशी! मग फार नंतर कुणीतरी त्याला दुसरा गाल आणि दुसरा डोळा चिकटवला.

“उद्या सकाळी दाखला देते,” ती म्हणाली. “आज रात्री मला चित्र साफ करावं लागेल.”

“उद्या दुपारी माझं गिऱ्हाईक निघतंय,” ग्रमाचेव म्हणाला. जाताजाता हळूच तिच्या कानाशी लागला. अदीसमधली जागा, मोठी खुर्ची, असं काहीतरी. तिनं पाय असा आपटला, की तो तीन हात लांब सरला.

उन्हं कलली तसा ताबोत, गाभाऱ्यातली ती पवित्र पाटी, तिमकतच्या रात्रीसाठी पाण्याकडे निघाला. छत्र्या, ढोल, बायकांचा लिलिलिली असा जल्लोष. म्हातारे अबा केफ्ले, तिथले मुख्य पुजारी, मागे वळून तिच्याजवळ आले.

“पोरी, पाण्यावर चल. आज रात्री ताबोत तिकडे असतो, इथे काही नसतं. मालक बाहेरगावी गेलेलं घर आहे हे.”

“मग राखण नको का कुणाची, अबा?”

“राखण माणसांपासून करतात.”

“मी त्यांच्यासाठीच बसतेय,” ती म्हणाली. तेव्हा तिला तसंच वाटत होतं.

मीही पाण्यावर गेलो. खोटं कशाला सांगू, मला नाचायचं होतं. जाताना तिच्या हातात भाजलेल्या जवांची पुडी ठेवली. उपास होता, दुसरं काय देणार? यापुढचं मी पाहिलेलं नाही. तिनं मला जसं सांगितलं तसं सांगतो.

तिनं सगळ्या दारांना आतून अडसर घातले. कंदील चौकटीला टांगला. काडीला कापूस गुंडाळून तो जिभेवर ओला करायचा आणि रंगावर हलक्या हातानं फिरवायचा, अशी ती रीत. थुंकीनं नवा रंग सुटतो, जुन्याला धक्का लागत नाही. तासभर काम केल्यावर कापसावर पहिल्यांदा निळसर डाग आला. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्यानं हसली.

हसण्याचा आवाज गोल भिंतीवरून फिरून परत आला. त्याच्या पाठोपाठ काठीचा आवाज आला. टक… टक… पुरुषांच्या दाराकडून.

पांढऱ्या गाबीची जाड चादर कानापर्यंत ओढलेला एक म्हातारा खांबाशी येऊन उभा राहिला. तोंड मारियामकडे. कुणीतरी मागे राहिलेलं असेल, असं तिला वाटलं.

“आजोबा, तुम्ही पाण्यावर नाही गेलात?”

“मला तिकडे नेत नाहीत,” तो म्हणाला. आवाज घरंदाज होता, हुकूम सोडायची सवय असलेल्या माणसाचा. “तू काय शोधतेस?”

“वय.”

“माझं?”

“चित्राचं.”

“एकच ते.”

ती कापूस बदलत होती. हात थांबला. म्हातारा भिंतीच्या कडेनं चालू लागला, उजवीकडून डावीकडे. त्याचा डावा गाल तिला दिसत होता. एक डोळा, टोकदार दाढी. मग तो वळला आणि डावीकडून उजवीकडे परत आला. तिला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. तो पुन्हा वळला. पुन्हा गेला. पुन्हा आला.

आणि मग कळलं.

जाताना डावा गाल दिसत होता. येतानाही डावाच.

“आजोबा…” ती म्हणाली. “इकडे बघा जरा.”

“बघतोच आहे.”

भीती वाटली तिला. का वाटणार नाही? ती म्हणाली, काका, मी आधी दाराकडे बघितलं. अडसर तिनं स्वतः घातले होते. दारापर्यंत जायला त्याच्या अंगावरून जावं लागलं असतं.

“तो डोळा राहू दे,” म्हातारा म्हणाला. “माझ्या नातवाच्या नातवानं मोठ्या मायेनं बसवून घेतलाय.”

“आणि पहिल्यापासून का नव्हता?”

खाली पाण्यावर ढोल वाजत होता, पण इतका लांब, की दुसऱ्या गावातला वाटावा.

“अंगावरचं रेशीम चित्रकारानं हुबेहूब काढलं,” म्हातारा म्हणाला. “फूलन् फूल. मी खूश झालो. मग चेहरा पाहिला. विचारलं, दुसरा डोळा कुठे आहे? सगळ्या लोकांसमोर म्हणाला, जेवढा दिसला तेवढा रंगवला.”

“मग?”

“मग त्याला पुढे काही दिसू नये, याची व्यवस्था केली मी.”

तिरुवर्कचा कापूस हातातून पडला.

“दोन्ही…?” तिनं विचारलं.

“दोन्ही.”

तिनं वाकून कापूस उचलला नाही. नवा घेतला. काडीला गुंडाळला. तो दोनदा गुंडाळावा लागला. भीती होतीच, पण तिच्या खालून आता दुसरंच काहीतरी वर येत होतं. संताप. असा संताप तिला आयुष्यात आला नव्हता.

“थांब,” म्हातारा म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज घाईचा झाला. “त्याचं नाव सांगतो. तुला तेच हवंय ना? तुम्हा लोकांना त्या काळच्या एकाही चित्रकाराचं नाव माहीत नाही. हा त्यांच्यातला सगळ्यात मोठा होता. बापाचं नाव सांगतो, गाव सांगतो, पुरलाय कुठे तेही सांगतो. तो डोळा राहू दे, बस्स.”

बिसरात, आता हसत नाहीस. बरं झालं. या पोरीनं सगळं शिक्षण, सगळी उमर त्यात घातली होती. हे कुणी काढलं? ते कुणी काढलं? रात्र रात्र एकेका रेषेवरून भांडायची. पुरी हयात जे शोधलं ते अंधारातून तिच्यापुढे हात पसरून आलं होतं. ती मला म्हणाली, काका, मी हो म्हणणार होते. ओठावर आलं होतं.

मग तिनं चित्राकडे पाहिलं. तो जुना डावा डोळा. एका दमात ओढलेली रेघ, न घाबरता.

“त्याचं नाव त्यानंच लिहिलं नाही,” ती म्हणाली. “ते मी तुझ्या तोंडून घेऊ? जे सांगायचं ते त्यानं तुझ्या थोबाडावर सांगून ठेवलंय. मला तेवढं पुरे आहे.”

आणि तिनं कापूस टेकवला.

कंदील विझला. वारा नव्हता. झरोक्यातून पिठूर चांदणं आत पडलेलं होतं, त्यात चित्र दिसत होतं. काठीचा आवाज आला. टक. जवळ. टक. अजून जवळ. मग तोही थांबला. कानाशी श्वास… थंड. मातीचा वास.

“माझा एक घेशील… तर तुझा एक देशील.”

ती पुसत राहिली.

उजव्या बाजूचं चांदणं गेलं. ती म्हणते, पापणी मिटली नव्हती, तरी उजव्या डोळ्यापुढे काही नाही. काळंसुद्धा नाही. नुसतं… नाही. तिनं हात लावून बघितलं. डोळा जागेवर होता.

“थांब,” कानाशी.

ती रडत होती. रडताना पुसत होती. जीभ कोरडी पडली, तेव्हा तिनं डोळ्यांच्या पाण्यानं कापूस ओला केला.

“थांब. दुसराही…”

“घे!” ती ओरडली. “तोही घे! हात कुठे जातात माझे? चाचपून पुसेन! मला एकही चालेल. तुला एक पुरला नाही, म्हणून तू असा फिरतोस!”

…

…

ती पुसतच राहिली.

नवा गाल गेला. नवा डोळा गेला. खालून जुना लाल रंग वर आला, तड्यांसकट, आणि नाकाची एक सरळ, कापल्यासारखी रेघ. त्या रेघेच्या पलीकडे काही नव्हतं. कधी नव्हतंच.

ती तशीच जमिनीवर बसली. पहाटे कोंबडं आरवलं, तेव्हा तिला झरोका दोन्ही डोळ्यांनी दिसला.

ग्रमाचेव उजाडताच हजर, बरोबर चित्र न्यायला लाकडी पेटी. तिनं अडसर काढला आणि त्याला चित्रापुढे उभं केलं. दाता पालथा, दोन्ही हात मारियामकडे लांब, तोंड बाजूनं, एक डोळा सताड उघडा. ग्रमाचेवचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“बाई, तू चित्राची वाट लावलीस! रंग पुसून टाकलास!”

“नवा होता तो पुसला.” तिनं काडीला ताजा कापूस गुंडाळला, जिभेवर ओला केला आणि त्याच्यापुढे धरला. “सगळंच नवं आहे म्हणता ना? घ्या. मारियामचा चेहरा पुसून दाखवा. सुटला रंग तर मी आत्ता तुमच्या मनासारखा दाखला देते.”

त्यानं कापसाकडे बघितलं. मारियामकडे बघितलं. तुमच्यातल्या कुणी हात पुढे केला असता? त्यानंही केला नाही. पेटी उचलून बाहेर पडला. मी पाण्यावरून परतून जीपजवळ तोंड धूत होतो. माझ्याकडे असा बघत गेला, जणू सगळं मीच केलं.

तिरुवर्कनं चित्रावर पडदा ओढला आणि त्याला पाठ लावून बसली. मी आत डाबो पाव घेऊन गेलो. म्हटलं, चल, पाण्यावर जाऊ, अंगावर तीर्थ घे. नाही म्हणाली. ताबोत घरी येईपर्यंत इथून हलणार नाही. बसल्या जागी दाखला लिहिला: चित्र जुनं, मेंतेवाबच्या काळातलं, देशाबाहेर जाता कामा नये. चित्रकार अज्ञात. ‘अज्ञात’ लिहिताना पेन जरा थांबलं, ते मी बघितलं. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं.

दुपारी ताबोत आला. लिलिलिलीनं पत्रा हादरला. ढोल, शिंगं, भिजलेली पोरं, धूप. ताबोत आत गाभाऱ्यात गेला, तसे सगळे गुडघ्यांवर आले. मग अबा केफ्ले तिच्याकडे वळले. सगळा गाव मागे.

“काय ठरलं, पोरी?”

“जुनं आहे, अबा. पत्रा मिळणार नाही. माझ्यावर रागवा.”

पहिल्या रांगेत एक म्हातारी होती, कमरेत वाकलेली. ती म्हणाली, “पावसाळ्याला अजून अवकाश आहे. गळेल तिथे घमेली ठेवू. आमच्या डोक्यांना काय, सवय आहे.” एकदोघं हसले. मग सगळेच हसले, आणि अबांनी डोळे पुसले.

“दाखव तर,” ते म्हणाले. “एवढं काय काढलंस रात्रभर जागून?”

तिनं पडदा सारला.

हसणं थांबलं. बायकांनी तोंडावर पदर घेतले. म्हातारी काठी टेकत अगदी पुढे गेली.

“अगं,” ती म्हणाली, “या पोहणाऱ्यानं हात कधी मागे घेतला?”

एकच हात आता मारियामकडे लांब होता. दुसरा कोपरात वळला होता, आणि त्याचा तळवा दात्याच्या त्या एका डोळ्यावर घट्ट दाबलेला होता.

तिरुवर्कनं भिंग काढलं. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. तो वळलेला हातही जुन्याच रंगातला होता. मारियामच्या झग्यावरून निघालेला तडा त्या बोटांवरून सलग, कुठेही न तुटता, खाली गेला होता.